श्वासावर तंबोरा वाजवायचा: सेन्सर, ध्यान आणि रंगमंच एकत्र कसं जमवायचं

अंगाला सेन्सर लावून प्रेक्षकांसमोर ध्यानाला बसायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काय येतं? डोक्याला हेडसेट, मागे मोठी स्क्रीन, स्क्रीनवर निळ्या-जांभळ्या लाटा आणि माईकवर कुणीतरी सांगतंय की बघा मंडळी, आता यांचं मन शांत होतंय. तसला शो करायचा असेल तर खालचं काही वाचू नका, वेळ जाईल. इथं जे सांगतोय ते एकदम साधं आहे. एक माणूस सतरंजीवर बसलाय, शेजारी मिरजेचा तंबोरा, त्याला कुणीही हात लावत नाहीये, पण माणसाने श्वास आत घेतला की तंबोरा बोलायला लागतो आणि सोडला की हळूहळू विरतो. बाजूला दिव्यांची एक उभी पट्टी, तिच्यावर हृदयाचा प्रत्येक ठोका एक ठिपका टाकतो. वीस मिनिटं एवढंच. तंबोरा आणि लॅपटॉप सोडून बाकी सगळं सामान साधारण ५००० रुपयांच्या आत बसतं, आणि सोल्डरिंग थोडंफार येत असेल तर इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरचं पोरगंसुद्धा करेल.

आपल्याकडेच का, तर सांगलीला नाट्यपंढरी उगाच म्हणत नाहीत, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर इथंच केलं, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन त्याचाच. दहा-बारा किलोमीटरवर मिरज, जिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आणि मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे ईसीजीचे चिकट इलेक्ट्रोड सर्जिकलच्या दुकानात सहज मिळतात, पुण्याला पळावं लागत नाही. नाटक, वाद्य आणि दवाखाना एवढ्या जवळजवळ असलेलं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

आधी हे डोक्यात बसवा

सेन्सर ध्यान मोजत नाही. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा. सेन्सर मोजतो छातीचा घेर, कातडीवरची वीज, बोटातलं रक्त. त्यावरून मन कुठे आहे हे कळत नाही. तुम्ही मनातल्या मनात लाईटबिलाचा हिशोब करत सावकाश श्वास घेतलात तरी आकडे छान येतात, आणि खरंच ध्यानात बुडालेला माणूस ढेकर आली तर आकडे खराब दाखवतो.

यातलं शास्त्र काय ते थोडक्यात. श्वास आत घेताना हृदयाचा वेग किंचित वाढतो, सोडताना कमी होतो. व्हेगस नावाची नर्व्ह हृदयाचा वेग धरून ठेवते, श्वास घेताना ती पकड ढिली होते आणि सोडताना परत घट्ट होते, म्हणून हे होतं. तरुण माणसात हा फरक मोठा असतो, वय वाढलं की कमी होत जातो. मिनिटाला साधारण ६ श्वास, म्हणजे ५ सेकंद आत आणि ५ सेकंद बाहेर, या गतीला हा चढउतार सगळ्यात ठळक दिसतो. २००१ मध्ये लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला, त्यात लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ॐ मणि पद्मे हुं हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळते असं दिसलं. दोन वेगळे धर्म, दोन वेगळ्या भाषा, आणि श्वासाची गती तीच. पण लक्षात घ्या, ही करामत श्वासाची आहे. तेवढीच आपल्याला दाखवायची आहे, तिच्यावर मोक्षाचं लेबल लावायचं नाही.

आणि हे काही नवीन खूळ नाही. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था काढली, तेव्हापासूनच तिथे आसनं-प्राणायाम यंत्रांनी मोजून बघणं चालू झालं. तिकडे अमेरिकेत १९६५ मध्ये अल्विन ल्युसिए या संगीतकाराने म्युझिक फॉर सोलो परफॉर्मर हा प्रयोग केला. एडमंड डेवन या भौतिकशास्त्रज्ञाने त्याला यंत्रसामग्री पुरवली होती. ल्युसिए डोक्याला इलेक्ट्रोड लावून डोळे मिटून बसला. डोळे मिटल्यावर मेंदूत साधारण ८ ते १२ हर्ट्झच्या अल्फा लहरी वाढतात, त्या कानाला ऐकूच येत नाहीत इतक्या खालच्या, म्हणून त्याने त्या अँप्लिफाय करून मोठ्या स्पीकरला दिल्या आणि स्पीकरच्या धक्क्याने शेजारचे ड्रम आणि गाँग थरथरायला लागले. अंगातला सिग्नल, मधे स्पीकर, पुढे खरं वाद्य. आपला तंबोरा हीच कल्पना उचलतो, फक्त मेंदूच्या जागी श्वास.

मेंदू का नाही, हे पण सांगतो. स्वस्त हेडसेटमध्ये कपाळावर एकच इलेक्ट्रोड असतो, तिथे पापणी लवली किंवा दात आवळले तरी मोठा सिग्नल येतो. आणि ते शून्य ते शंभर ध्यानाचा आकडा देतात, पण तो कसा काढला ते कंपनी सांगत नाही. लिसा पार्क या कलाकाराने २०१३ मध्ये असाच हेडसेट वापरून स्पीकरवर ठेवलेल्या पाण्याच्या थाळ्या हलवल्या होत्या, बघायला फारच देखणं काम आहे, त्याला नावं ठेवत नाही. पण पहिल्यांदा करणाऱ्याने श्वासापासूनच सुरू करावं. श्वास प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसतो. पोट वर आलं आणि तंबोरा बोलला, समजावून सांगायची गरजच पडत नाही.

सामान

ईएसपी३२ बोर्ड दोन, म्हणजे वायफाय असलेले छोटे प्रोग्राम करता येणारे बोर्ड, एक अंगावर, एक दिव्यांना. श्वासासाठी एफएसआर म्हणजे दाब ओळखणारी गोल चकती, ४०२ नंबरची. ठोक्यासाठी एडी८२३२ चं ईसीजी मॉड्यूल आणि जेलवाले इलेक्ट्रोड. १० किलोओहमचे रेझिस्टर. दोन इंची इलास्टिक आणि वेल्क्रो, हे शिलाईच्या सामानाच्या दुकानात. एक एक्सायटर, म्हणजे बिनपडद्याचा स्पीकर, जो ज्या पृष्ठभागाला चिकटवाल तोच वाजवतो, ४ ओहम ३ वॉटचा पुरतो. त्याला पीएएम८४०३ चा छोटा अँप. दिव्यांची डब्ल्यूएस२८१२बी पट्टी, मीटरला ६० दिवेवाली. पॉवर बँक आणि एखादा जुना वायफाय राऊटर, इंटरनेट नसलेला चालतो, किंबहुना नसलेलाच बरा. सॉफ्टवेअर दोनच, बोर्डात प्रोग्राम टाकायला आर्डुइनो आयडीई आणि लॅपटॉपवर आवाज बनवायला प्युअर डेटा, दोन्ही फुकट.

तंबोरा घरचा चांगला वापरू नका, आजोबांचा तर अजिबातच नको. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन जुना, भोपळा चिरलेला किंवा दांडी बदललेला असा एखादा आहे का विचारा आणि कशासाठी पाहिजे ते स्पष्ट सांगा. कारागीर आधी हसतात, मग स्वतःच सुचवायला लागतात.

स्टेप १: श्वासाचा पट्टा

बरेच लोक नाकाखाली थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा सेन्सर, लावायला सांगतात. बाहेर येणारी हवा गरम, आत जाणारी गार, फरक मोजायचा. थंड देशात झकास चालतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये खोलीतच ३४-३५ डिग्री झाली की दोन्ही हवा सारख्याच, सिग्नल सपाट. त्याच्यावर पारा गेला तर उलटाच सिग्नल येईल. शिवाय नाकाखाली वायर लटकलेला माणूस आयसीयूमधला पेशंट दिसतो. म्हणून पट्टा.

इलास्टिक शेवटच्या बरगडीच्या जरा खाली, बेंबीच्या वर येईल असं मापून कापा. टोकांना वेल्क्रो शिवा. चकतीच्या बरोबर मधे खोडरबराचा वाटाण्याएवढा तुकडा चिकटवा, म्हणजे दाब एका जागी पडतो, नाहीतर चकती नुसतीच वाकते आणि वेडेवाकडे आकडे देते. चकतीचं एक टोक ३.३ व्होल्टला, दुसरं टोक ईएसपी३२ च्या ३४ नंबरच्या पिनला, आणि त्याच पिनपासून १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. पोट फुगलं की दाब वाढतो, आकडा वर जातो. पिन ३२ ते ३९ यांपैकीच घ्या, कारण वायफाय चालू असताना या बोर्डाच्या दुसऱ्या गटातल्या अॅनालॉग पिना वाचता येत नाहीत आणि मग माणूस तासभर वायरी तपासत बसतो.

पट्टा किती घट्ट? पूर्ण श्वास सोडल्यावर दोन बोटं आत जातील इतका. त्याहून घट्ट केलात तर परफॉर्मरचं सगळं लक्ष पट्ट्याकडेच जाईल, आणि तो छातीने वरवर श्वास घ्यायला लागेल.

सेकंदाला ५० वेळा आकडा वाचा. प्रत्येक वेळी जुन्या किमतीचे नव्वद टक्के आणि नव्या आकड्याचे दहा टक्के एकत्र करा, कुरकुर निघून जाते. मग गेल्या ३० सेकंदांतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा धरून त्यात शून्य ते एक असं माप बसवा. हे सरकतं माप फार महत्त्वाचं, कारण बसल्या बसल्या पाठ थोडी वाकते, पट्टा सरकतो, रबर ढिलं पडतं, आणि सुरुवातीला ठरवलेलं माप दहाव्या मिनिटाला खोटं ठरतं. फक्त एक अट घाला. मोठा आणि लहान आकडा यातला फरक फारच कमी झाला तर माप ताणू नका, नाहीतर श्वास अगदी सूक्ष्म झाल्यावर प्रोग्राम त्यालाच फुगवून मोठा करेल आणि जिथे शांतता हवी तिथेच तंबोरा बोंबलेल.

स्टेप २: ठोका

तीन इलेक्ट्रोड, आरए, एलए, आरएल ही त्यांच्या जागांची नावं. उजव्या कॉलरबोनच्या खाली आरए, डाव्या कॉलरबोनच्या खाली एलए, उजव्या बाजूला शेवटच्या बरगडीजवळ आरएल. वायरच्या रंगावर जाऊ नका, केबलप्रमाणे रंग बदलतात. जागा स्पिरिटच्या कापसाने पुसून कोरडी होऊ द्या, केस असतील तर तेवढे काढा, घामावर इलेक्ट्रोड टिकत नाही.

पडद्यावर पहिल्यांदा जाडजूड केसाळ रेघ दिसली की घाबरू नका, ती घरातल्या विजेची ५० हर्ट्झची भणभण. वायरी एकमेकींत पीळ देऊन घ्या, ट्यूबलाईट आणि फॅनच्या रेग्युलेटरपासून लांब बसा. आणि एक सोपी युक्ती: सेकंदाला २५० वेळा वाचन घ्या आणि सलग ५ वाचनांची सरासरी काढा. ५ वाचनं म्हणजे २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झचं बरोबर एक आवर्तन, त्याचा वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकाला खाऊन टाकतात आणि रेघ स्वच्छ होते. हे पहिल्यांदा डोळ्यासमोर होताना बघायला खरंच मजा येते.

मग टोक ओळखायचं. आकडा ठरावीक उंचीच्या वर गेला की ठोका मोजा, आणि पुढचे ४०० मिलिसेकंद काहीही आलं तरी दुर्लक्ष करा, कारण मोठ्या टोकामागून एक छोटी टेकडी येते आणि ती दुसरा ठोका म्हणून धरली जाते. दोन ठोक्यांतलं अंतर मिलिसेकंदात ठेवा. १००० म्हणजे मिनिटाला ६०, ८०० म्हणजे ७५.

दिव्यांची पट्टी उभी लावा. सगळ्यात खालचा दिवा १२०० मिलिसेकंद, सगळ्यात वरचा ६००, म्हणजे ६० दिव्यांत दर दिव्याला १० मिलिसेकंद. ठोका पडला की त्या उंचीचा दिवा मंद पिवळसर उजळतो आणि दोन-तीन सेकंदात विझतो. श्वास घेताना ठिपके वर चढतात, सोडताना उतरतात, तंबोऱ्याबरोबर. लोकांना हे समजायला दोन-तीन श्वास लागतात आणि मग हॉलमध्ये काही जण स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून बघायला लागतात. हृदयाचा धडधड आवाज स्पीकरवर लावायचा मोह होईल, लावू नका. तो आवाज इतक्या सिनेमांत आणि सिरियलमध्ये ऐकलाय की लोकांना आता कुणीतरी मरणार असंच वाटतं.

बोटावरच्या घामाचा जीएसआर सेन्सर पहिल्या प्रयोगात नको. टाळी वाजवली की एक ते तीन सेकंदांनी रेघ उडी मारते, डेमोला छान, पण आपल्या उकाड्यात बोटं आधीच ओली असतात.

स्टेप ३: तंबोरा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, आख्ख्या कामाचा जीव इथे आहे.

तंबोरा आधी हाताने नीट लावून घ्या. समजा हार्मोनियमच्या काळी एकचा सा, तर जोडीच्या, म्हणजे मधल्या, दोन तारा १३८.६ हर्ट्झच्या आसपास. खरजाची, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराची, तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे ६९.३, पण छोटा एक्सायटर इतक्या खाली ताकद लावत नाही, म्हणून खरजाला थेट हलवायच्या नादाला लागू नका. जोडीला हलवा, खरज तिच्या दुपटीच्या स्वरात आपोआप थोडी साथ देते.

एक्सायटर तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, आणि घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, जवळ पण घोडीला न टेकता. त्याच्याबरोबर येणारी चिकटपट्टी सरळ लाकडावर लावली तर काढताना पॉलिश घेऊन येते. आधी कागदी मास्किंग टेप लावा आणि त्यावर एक्सायटर. फेविक्विक तर स्वप्नात पण नको.

आता लॅपटॉपचा आवाज अँपमधून एक्सायटरला जोडा आणि प्युअर डेटामध्ये एक ऑसिलेटर, म्हणजे एकच सूर सतत काढणारा भाग, त्याचा आवाज कमी-जास्त करणारा गुणाकार, आणि फ्रिक्वेन्सी बारीक हलवायला एक स्लायडर. आवाज अगदी कमी ठेवून १३० पासून हळूहळू वर या. कान लावून बसायची गरज नाही. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलमधला सोनोमीटर आठवतो? तारेवर कागदाचा बारका कपटा उलट्या व्ही सारखा घडी करून ठेवायचा, ट्यूनिंग फोर्कशी सूर जुळला की कपटा टुणकन उडून पडतो. तेच करा. वहीच्या कागदाचा नखाएवढा तुकडा जोडीच्या तारेच्या मध्यावर ठेवा. १३६ ला काही नाही, १३७ ला काही नाही, मग कपट्याची कडा थोडी शिरशिरते, अजून पाव हर्ट्झ सरकवलं की तो नाचायला लागतो आणि पडतो. तो तुमच्या तारेचा आजचा आकडा. उद्या तो बदललेला असेल, सकाळ-संध्याकाळचा पण फरक पडतो.

हा सूर जुळायचा पट्टा फारच अरुंद असतो, अर्धा हर्ट्झ इकडे-तिकडे झालं की तार गप्प. हॉलमध्ये माणसं भरली, उब वाढली, तार किंचित उतरली की तंबोरा मधेच मुका होणार. उपाय म्हणजे ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी त्या आकड्याभोवती अर्धा हर्ट्झ वर-खाली संथपणे झुलवत ठेवायची. तार कुठेतरी सापडतेच, आणि झुलण्यामुळे आवाज जिवंत वाटतो, इलेक्ट्रॉनिक टूंऽऽ असा वाटत नाही. जवारीचा दोरा, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवायचा दोरा, मात्र हातानेच लावा, गुंजन त्यातूनच येतं, ते कुठलंही सॉफ्टवेअर देणार नाही.

श्वासाचा शून्य ते एक आकडा आता त्या गुणाकाराला जोडा, साधारण २०० मिलिसेकंदांचा उतार देऊन, म्हणजे झटके बसणार नाहीत. मी असं सुचवेन की फक्त श्वास चढत असतानाच ताकद द्या. सोडायला लागल्यावर एक्सायटर पूर्ण बंद, तार स्वतःच्या जोरावर वाजत राहते आणि विरते. श्वास सोडण्याचा आवाज यंत्राने बनवायचा नाही, तो लाकडाने आणि तारेने बनवायचा. दोन्ही वेळा यंत्राने वाजवून बघा, फरक लगेच कळेल, तसं केलं तर तंबोरा स्पीकरचा डबा होतो.

स्टेप ४: अंगावरचं बिनतारी

हा भाग सुरक्षेचा आहे, त्यामुळे इथे जुगाड नाही म्हणजे नाही. ज्याच्या अंगाला इलेक्ट्रोड आहेत त्याचा घरातल्या विजेशी वायरने कसलाही संबंध नको. अंगावरचा बोर्ड पॉवर बँकेवर. तोच बोर्ड प्रोग्राम टाकण्यासाठी लॅपटॉपला जोडलेला असेल तेव्हा इलेक्ट्रोड काढून ठेवा, आणि तपासायला लावलेच तर लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा. अँप, मिक्सर, दिव्यांचा सप्लाय हे सगळं मेनवर चालेल, पण त्याच्यापासून माणसापर्यंत एकही वायर जाता कामा नये. पेसमेकर असलेल्या कुणालाही हे लावायचं नाही.

अंगावरचा बोर्ड श्वासाचे आकडे वायफायवरून सेकंदाला ३० वेळा पाठवतो, यूडीपीने (पोच न मागता पाठवायची पद्धत), ओएससीच्या साच्यात (संगीताच्या सॉफ्टवेअरला समजणारे निरोप), आणि ठोका पडला की त्याचा वेगळा निरोप. मधे एखादं पॅकेट हरवलं तर हरवू दे. हॉलमध्ये पन्नास मोबाईल आले की २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी होते आणि ईएसपी३२ ला तोच बँड येतो, म्हणून स्वतःचा राऊटर, चॅनल १, ६ किंवा ११ यातला जो मोकळा असेल तो पक्का करून, परफॉर्मरपासून दोन-तीन मीटरवर ठेवा. दोन सेकंद काहीच आलं नाही तर आवाज हळूहळू खाली जाऊ द्या, खटकन बंद नको. एडी८२३२ वर इलेक्ट्रोड निघाल्याचं सांगणाऱ्या दोन पिना असतात, त्याही जोडून ठेवा.

पॉवर बँक तासभर चालवून बघा. काही बँकांना वाटतं की कुणी चार्जच करत नाहीये आणि त्या स्वतःहून झोपतात. लाईट जाणार हे धरूनच चला, अँप आणि राऊटर इन्व्हर्टरवर घ्या.

स्टेप ५: बसायचं कसं

आता खरा प्रश्न. श्वास बघायचा की श्वास चालवायचा? आनापानात श्वास जसा येतो तसा फक्त पाहायचा असतो, प्राणायामात तो मुद्दाम घडवायचा असतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमचा प्रोग्राम दोन्हींना सारखा चालत नाही. लांब श्वासाला मोठा, गोड आवाज असं जोडलंत की परफॉर्मर नकळत लांब श्वास घ्यायला लागतो, कारण कानाला बक्षीस मिळतंय. मग तो आनापान करत नाहीये, तंबोरा वाजवतोय. त्यात चूक काही नाही, पण काय चाललंय ते तुम्हाला माहीत पाहिजे.

माझं मत, प्रयोगाचे दोन भाग उघडपणे करा. सुरुवातीचा भाग पाहण्याचा, त्यात श्वासाच्या लांबीचा आवाजाशी संबंध ठेवू नका, फक्त श्वास आत वळला की तेवढ्याच ताकदीचा एक हलका धक्का तारेला. लहान श्वास, मोठा श्वास, सगळ्यांना सारखाच धक्का. मग पाच मिनिटं काही न बदलता. नंतरचा भाग चालवण्याचा, मिनिटाला सहाच्या गतीने, ५ सेकंद आत ५ सेकंद बाहेर, आता लांबी आणि आवाज जोडलेले, आणि दिव्यांचे ठिपके मोठ्या लाटेत वर-खाली. दोन भागांतला फरक प्रेक्षकाला सांगावा लागत नाही, तो पट्टीवर दिसतो. श्वास कोंडून धरणं, कुंभक वगैरे, स्टेजवर नको. प्रेक्षक नकळत स्वतःचा श्वास परफॉर्मरबरोबर चालवतात, आणि त्यात कुणाला बीपी आहे, कुणाला दमा, आपल्याला काय माहीत.

सरावात एक सोय करून घ्या. आकडे फाईलमध्ये साठवा आणि नंतर तेच परत सोडून तंबोऱ्याचं काम करत बसा, माणसाला तासन्‌तास पट्टा बांधून बसवायची गरज नाही. पण ती फाईल शोच्या दिवशी लॅपटॉपवर ठेवू नका. सिग्नल गेला की हात आपोआप तिच्याकडे जातो, आणि रेकॉर्ड केलेला श्वास जिवंत म्हणून दाखवला की मग उरलं काय. सिग्नल गेला तर शांतता, परत आला तर तंबोरा. खोकला आला, तंबोरा उचकला, तर उचकू दे.

स्टेप ६: जागा आणि दिवस

पहिला प्रयोग सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात करायचं स्वप्न असेल तर ते थोडं बाजूला ठेवा. असा आवाज सहा-सात मीटरच्या पुढे जात नाही, आणि माईक लावला की गंमत संपते. वाड्याची ओसरी, शाळेचा वर्ग, योगवर्गाचा हॉल, पंचवीस-तीस माणसं, सगळे जमिनीवर. कृष्णेचा घाट दिसायला भारी वाटेल, पण वारा, डास आणि पलीकडची देवळातली घंटा, तिघं मिळून तुम्हाला हरवतील.

सगळ्यात मोठा शत्रू सिलिंग फॅन. त्याच्या घरघरीत तंबोरा बुडतो, आणि मे महिन्यात फॅन बंद केला तर लोक पाचव्या मिनिटाला उठतील. म्हणून डिसेंबर-जानेवारीची संध्याकाळ घ्या. लग्नसराईची तारीख मात्र कॅलेंडरमध्ये बघून टाळा, शेजारच्या कार्यालयात बँड आला की तुमची साधना गेली कुठल्या कुठे. कपटा ठेवून आकडा शोधायचं काम प्रेक्षक येण्याआधी अर्धा तास, त्याच हॉलमध्ये, दारं बंद करून करा.

इलेक्ट्रोड आणि पट्टा पडद्याआड लावून यायची गरज नाही, लोकांसमोरच लावा, सावकाश, काय कुठे जातंय ते एका वाक्यात सांगत. जादू वाटत नाही आणि लोकांचं लक्ष बरोबर जागेवर जातं. दिवे लुकलुकणारे ठेवू नका, सेकंदाला तीनपेक्षा जास्त झपके काही लोकांना फिट आणू शकतात. आपले ठिपके सावकाश उजळून विझणारे आहेत, तसेच राहू द्या.

शो संपल्यावर माणसं उठत नाहीत, मला पण लावून बघा म्हणतात. श्वासाचा पट्टा शर्टावरून खुशाल लावा, लहान पोरांना तर तंबोरा आपल्या पोटाने वाजतोय याचं हसू आवरत नाही. ईसीजी मात्र ज्यालात्याला लावू नका. एकतर इलेक्ट्रोड एकदाच वापरायचे असतात, आणि दुसरं म्हणजे पट्टीवर एखाद्याचा ठिपका मधेच भलतीकडे पडला की तो माणूस तुमच्याकडे बघतो, घरी जाऊन झोपत नाही. ते इलेक्ट्रोड नीट न चिकटल्यामुळे पण असू शकतं आणि खरंही असू शकतं, हे ठरवायचं काम आपलं नाही. कुणी विचारलंच तर सरळ सांगा की हे मशीन नाटकासाठी आहे, शंका असेल तर मिरजेत डॉक्टरांकडे जाऊन खरा ईसीजी काढा. कुणाचेही आकडे साठवू नका, फोनवर व्हिडिओ काढताना पण विचारा. मग मास्किंग टेप एका कोपऱ्यातून आडवी ओढत सावकाश काढा, पॉवर बँक चार्जिंगला लावा आणि चकतीच्या दोन्ही वायरींचे सोल्डर तपासा, पुढच्या वेळी आधी तेच तुटतात.